दुखण्यावर हसले, तर दुखणे खोटे ठरते का?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४३, तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका, घरी पती, सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी त्यांना रूमेटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतात. पूर्वी दिवाळीत त्यांच्या दारातली एकवीस ठिपक्यांची रांगोळी पाहायला आळीतल्या बायका येत. आता चिमूट धरली की अंगठ्यातून कळ जाते. गेल्या वर्षीपासून त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर स्केचपेनने एक चित्रमालिका काढतात. तिचे नाव ‘बोटांची सोसायटी’. प्रत्येक सांधा म्हणजे एक बिऱ्हाड. उजवे मनगट चेअरमन, ते कायम फुगलेले. सकाळी नऊपर्यंत लिफ्ट बंद. दर रविवारी रात्री पिवळे पाहुणे उतरतात आणि सोमवारी अख्ख्या इमारतीला मळमळते. मुलीला ही मालिका फार आवडते आणि रोज सकाळी ती विचारते, “आई, सोसायटीत पाणी आलं का?” मात्र सासूबाई म्हणतात, “आजाराची थट्टा करू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते.” जाऊबाईंचे म्हणणे असे, की एवढे हसता-चित्रे काढता येते, तर गौरीच्या स्वयंपाकालाच हात कसे दुखतात? पती चित्र पाहिले की काही न बोलता खोलीबाहेर जातात. गेल्या तपासणीला डॉक्टरांनी “कसं काय?” विचारल्यावर यांनी सवयीने एक विनोद केला, डॉक्टर मनापासून हसले आणि गोळ्या आहेत तशाच चालू राहिल्या. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, “रात्री तीन वाजता कूस बदलताना खांदा ठणकतो, तेव्हा मला एकही विनोद सुचत नाही. मग दिवसा हसणारी मी खोटी आहे का? मी स्वतःची फसवणूक करत असेन, तर हे सगळे बंद करू का?”

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेले चित्र समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याच्या गॅलरीत एक वयस्क गृहस्थ उभे आहेत आणि त्यांच्या हातातल्या कागदावर लिहिले आहे, ‘वाकता येत नसल्यामुळे आजच्या सभेस उपस्थित राहू शकत नाही.’ त्या गॅलरीचे दोन गज सरळ आलेले नाहीत, कारण तिथे पेन घसरले आहे, आणि तुम्ही ते खोडून पुन्हा काढण्याच्या भानगडीत पडलेल्या नाहीत. हे चित्र पाहून मला हसू आले आणि त्याच क्षणी तुमचे ते बोट किती दुखत असेल, हेही कळले. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देऊन टाकते. तुम्ही स्वतःची फसवणूक करत नाही आहात.

फसवणूक म्हणजे असलेले नाही म्हणणे. तुमच्या चित्रात नाही म्हटलेले काहीच नाही. नऊपर्यंत लिफ्ट बंद असणे म्हणजे सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक काळ सांधे आखडलेले राहणे, आणि ते या आजाराचे अगदी ओळखीचे लक्षण आहे. शरीरातली दाह वाढवणारी रसायने पहाटेच्या सुमारास चढतात, त्यामुळे ज्या वेळी घराला डबे, पोळ्या आणि इस्त्रीची घाई असते, नेमक्या त्याच वेळी तुमची मूठ वळत नाही. पिवळे पाहुणे म्हणजे या आजारावरच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशीची मळमळ हा त्यांचा नेहमीचा त्रास. (ही गोळी घेणाऱ्या इतर वाचकांसाठी सांगून ठेवते, की ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली गेल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून पाहुण्यांचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.) एखाद्या वैद्यकीय विद्यार्थ्याला तुमची चित्रमालिका दाखवली, तर त्याला या आजाराची बहुतेक लक्षणे तिच्यात सापडतील. इतक्या काटेकोरपणे पाहणाऱ्या बाईला दुखणे नाकारणारी कसे म्हणायचे?

पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक आहे, त्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. रात्री तीनची तुम्ही खरी आणि दुपारी चित्र काढणारी तुम्ही दिखाऊ, असे तुम्ही धरून चालला आहात. असे का? ठणका खरा आहे म्हणून ठणक्याच्या वेळचे मनच तेवढे खरे, हा हिशेब कुणी ठरवला? रात्री विनोद सुचत नाही, कारण विनोद सुचायला दुखण्यापासून वीतभर तरी अंतर लागते, आणि कळ येत असताना ते अंतर मिळत नाही. ते दुपारी मिळते, तेव्हा तुम्ही त्याचा उपयोग करता. रात्री स्वयंपाकघर बंद असते म्हणून दुपारचा स्वयंपाक खोटा ठरत नाही. रात्री हसण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका. त्या वेळी गरम पाण्याची पिशवी, खांद्याखाली उशी, आणि अगदीच असह्य झाले तर पतींना हाक, एवढे पुरे.

आता सासूबाईंविषयी. ‘वास्तू तथास्तु म्हणते’ हे वाक्य ऐकत आपण सगळ्याच वाढलो आहोत आणि त्यामागे बहुतेक वेळा रागापेक्षा भीती अधिक असते. सुनेचे हात वाकडे होत चाललेले त्या रोज पाहतात, त्यावर त्यांच्याकडे काहीही उपाय नाही, आणि निदान अभद्र बोलू तरी नये, एवढीच त्यांच्या हाती असलेली खबरदारी आहे. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होणार नाही. मात्र चित्रमालिकेत त्यांना एक जागा देऊन पाहा. सोसायटीत रोज संध्याकाळी दिवा लावणारे कुणीतरी असतेच. ज्या गोष्टीत आपल्याला वाटा नाही, तिच्याविषयी माणसाला धास्ती वाटते, असा माझा अनुभव आहे. त्यांना तरीही नको वाटले, तर चित्रे त्यांच्यासमोर ठेवू नका, पण काढणे थांबवू नका.

जाऊबाईंचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो तुमच्या एका घरापुरता नाही. मधुमेहाच्या, डायलिसिसवर असलेल्या, पार्किन्सनच्या कितीतरी रुग्णांना हे ऐकावे लागते. हसतो आहे म्हणजे बरा आहे. बरा आहे म्हणजे काम करू शकतो. करत नाही म्हणजे टाळतो आहे. यातली पहिलीच पायरी निसरडी आहे. स्केचपेनने वीस मिनिटे, मधे हात सोडून, आपल्या सोयीच्या वेळी रेघा ओढणे वेगळे, आणि गौरीजेवणाच्या दिवशी पहाटे पाचपासून सोळा भाज्या चिरून पुरण वाटणे वेगळे. पण हे वेगळेपण जाऊबाईंना आपोआप कळेल, अशी अपेक्षा धरू नका, आणि हे सांगताना विनोदही करू नका. सणाच्या आठवडाभर आधी साध्या शब्दांत सांगा: “मला चिरणे, वाटणे आणि कुकर उचलणे जमणार नाही. वाती वळणे, हिशेब, आरास आणि सवाष्णींची यादी मी करीन.” (वातीही जमत नसतील, तर तेही सांगा.) जे जमणार नाही ते गंभीरपणे एकदा सांगून झाले, की नंतर तुम्ही किती हसता, याचा हिशेब मांडण्याचा कुणालाही अधिकार राहत नाही.

पतींच्या खोलीबाहेर जाण्याचा अर्थ तुम्ही नापसंती असा लावला आहे. तो तसा असेलही. पण पत्रातल्या एका ओळीवरून मला दुसरी शंका येते. तुम्ही लिहिले आहे, की निदान झाले त्या दिवशी परतीच्या एसटीत ते तासभर एक शब्दही बोलले नव्हते. ज्या माणसाला त्या दिवशी बोलता आले नाही, त्याला आज हसता येईल कसे? तुम्ही गेल्या वर्षीपासून पानामागून पान भरून दुखण्याशी एक बोलाचालीचे नाते जोडले आहे. त्यांनी ते जोडलेलेच नाही. शिवाय रुग्णाच्या दुखण्यावर हसायची परवानगी रुग्णानेच द्यायची असते, हा संकोच चांगल्या माणसाला असतोच. तेव्हा त्यांना एकदा स्पष्ट सांगा, की हे चित्र पाहून हसलात तर मला बरे वाटते, आणि रडू आले तरी मला चालेल. इतर घरांतल्या मंडळींनाही इथे एक विनंती करते. आजारी माणसाच्या दुखण्यावर पहिला विनोद त्यालाच करू द्या. त्याने केला तर त्याच्यासोबत हसा, पण तो विनोद जपून ठेवून दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्याच्याविरुद्ध वापरू नका.

सोबत हसण्याला तसा आधारही आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की इतरांसोबत मोकळेपणाने हसल्यानंतर लोकांची वेदना सहन करण्याची मर्यादा काही वेळापुरती वाढते. हे प्रयोग निरोगी माणसांवर झाले होते, त्यामुळे त्यावरून हसण्याने संधिवात बरा होतो असे कुणी सांगू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण मुलीबरोबर हसल्यावर पुढचा अर्धा तास हलका जातो, असे तुम्ही लिहिले आहे, ते मनाचे खेळ नाहीत, एवढे यावरून म्हणता येते. रोज नवा विनोद करण्याचे ओझे मात्र घेऊ नका. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत लोखंडवालाच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला, तेव्हा सुरुवातीला विनोद सांगूनच हसत असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, काही विनोद लोकांना बोचू लागले, आणि मग विनोदाशिवायच हसायचे ठरले. तुमच्या नातेवाइकांत ‘ही किती खंबीर, नेहमी हसतमुख’ अशी तुमची ख्याती झाल्याचे तुम्ही लिहिले आहे. ती ख्याती सांभाळायला तुम्ही बांधील नाही. एखाद्या लग्नात ओठ मिटून एका खुर्चीत बसून राहिलात, तरी कुणाचे काही देणे लागत नाही.

रांगोळी सुटल्याचे दुःख तुम्ही एका वाक्यात उरकले आहे, पण मला ते वाक्य पत्रातले सर्वांत जड वाटले. इथे लोक फ्रेंच चित्रकार रेन्वारचे उदाहरण देतात, की बघा, बोटे वाकडी झाली तरी तो शेवटपर्यंत चित्रे काढत होता. गोष्ट खरी आहे. पन्नाशीच्या सुमारास त्याला हाच आजार जडला आणि १९१९ साली मरेपर्यंत त्याने रंगकाम सोडले नाही. पण हे उदाहरण चाबकासारखे वापरले जाते, ते मला मान्य नाही. त्याने नुसत्या जिद्दीवर हे केले नव्हते. ब्रश त्याच्या हातात दुसरे कुणीतरी ठेवत असे, नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून हाताला कापडी पट्ट्या बांधत, आणि मोठा कॅनव्हास रुळांवर गुंडाळून पुढे-मागे सरकवायची सोय केलेली होती, म्हणजे त्याला हात फार लांबवावा लागत नसे. सगळे घर आणि सामान त्याच्या हातांना सोयीचे करून घेतले होते. त्याच्याकडून घ्यायचेच असेल, तर हे घ्या. राउल द्यूफी या दुसऱ्या चित्रकाराची कथा तर आणखी बोलकी आहे. संधिवाताने त्याचे हात जवळजवळ निकामी झाले होते. १९५० साली बॉस्टनला त्याच्यावर त्या काळी नव्या असलेल्या कॉर्टिसोनचे उपचार झाले आणि तो पुन्हा मोकळेपणाने ब्रश धरू लागला. त्या औषधाचे दुष्परिणामही त्याला सोसावे लागले. चित्रांवर इतके प्रेम असूनही त्याचे हात सुटले ते औषधाने, हे ध्यानात असू द्या, म्हणजे कुणी ‘मन प्रसन्न ठेव, गोळ्या सोड’ असे म्हणाले, की काय उत्तर द्यायचे ते कळेल.

तुमच्या हातांसाठी काही सोयी लगेच करता येतील. चिमूट हीच या आजारात सर्वांत त्रासाची पकड असते, म्हणून जाड पकडीची साधने वापरा. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप दुरुस्तीवाल्याकडे वीतभर सहज मिळतो. त्याचा तुकडा स्केचपेनवर चढवला, की बोटांना आवळून धरावे लागत नाही. रांगोळी चिमटीने न सोडता अरुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून तळहाताच्या आधाराने सोडता येते, आणि जमिनीवर उकिडवे बसण्याऐवजी पाटावर किंवा टेबलावर काढता येते. एकवीस ठिपक्यांऐवजी सात ठिपके काढा आणि रंग मुलीला भरू द्या. चित्राला सकाळी बसू नका, लिफ्ट सुरू झाल्यावर बसा. दहा मिनिटांनी हात सोडा. ज्या आठवड्यात सांधे लाल आणि गरम असतील, त्या आठवड्यात फक्त बघा, काढू नका. शक्य असेल तर एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा. हातांना पुन्हा रोजच्या कामात आणणे हेच या शाखेचे काम आहे, आणि आपल्याकडे तिचे शिक्षण १९५० साली कमला निंबकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. तरीही फार कमी रुग्णांना तिकडे जावे, असे कुणी सांगते. तुमची चित्रे घेऊनच जा, म्हणजे हातांकडून काय हवे आहे, ते समजावून सांगावे लागणार नाही.

एक वही मात्र अशी ठेवा, जिच्यात विनोद करायचा नाही. १९९९ साली जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दमा आणि रूमेटॉइड आर्थ्रायटिसच्या ११२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातल्या काही जणांनी सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटे, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहिले. चार महिन्यांनी त्यांच्या आजारात इतरांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. पुढच्या अभ्यासांत एवढा ठळक फरक प्रत्येक वेळी दिसला नाही, म्हणून मी याला उपचार म्हणणार नाही. पण लिहायला वीस मिनिटे आणि एक पाठकोरी वही एवढेच लागते. रात्री तीनचे जे आहे, ते या वहीत जाऊ द्या. लिहिताना मन फारच खाली जाऊ लागले, तर थांबा. आणि झोप, भूक, मुलीशी बोलण्याची इच्छा हे सगळेच दोन आठवड्यांहून अधिक काळ मंदावले, तर तो तुमच्या खंबीरपणाचा पराभव मानू नका. दीर्घ आजारासोबत नैराश्य येणे सामान्य आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आता राहिली ती डॉक्टरांची खोली. तुमच्या सगळ्या पत्रात विनोदाने नुकसान केलेली जागा मला एकच दिसली, आणि ती हीच. घरी तुमचा विनोद दुखणे सांगतो. तिथे त्याने ते झाकले. तुम्ही हसवलेत, डॉक्टरांनी समजून घेतले की बरे चालले आहे, आणि उजवे मनगट फुगलेले असताना औषध बदलले गेले नाही. यात दोष कुणाचा, याचा काथ्याकूट नको. मात्र एक गोष्ट अनेक रुग्णांना कधी सांगितलीच जात नाही. हा आजार किती आटोक्यात आहे, हे मोजण्यासाठी पुष्कळ डॉक्टर ‘डीएएस-२८’ नावाचा हिशेब वापरतात. त्यात ठरावीक २८ सांध्यांपैकी किती सुजले आणि किती दाबल्यावर दुखतात हे मोजतात, रक्तातला दाह पाहतात, आणि त्यासोबत रुग्णाला स्वतःला एकंदर कसे वाटते, याचा शून्य ते शंभर असा एक आकडा धरतात. म्हणजे “कसं काय?” हा प्रश्न तिथे शिष्टाचाराचा नसतो. तुमचे उत्तर थेट हिशेबात जाते आणि त्या हिशेबावर गोळी वाढते किंवा बदलते.

म्हणून पुढच्या तपासणीला आधी तीन साधी वाक्ये बोला: सकाळी किती वेळ हात आखडलेले असतात, गेल्या महिन्यात किती रात्री झोपमोड झाली, आणि पूर्वी जमणारे कोणते काम आता जमत नाही. मग हवे तर सोसायटी दाखवा. दोन्ही खांदे, दोन्ही कोपरे, दोन्ही मनगटे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे वीस सांधे, असे अठ्ठावीस फ्लॅट एका पानावर काढा. सुजलेल्या फ्लॅटची खिडकी लाल, नुसत्या दुखणाऱ्याची पिवळी, आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख. दर पंधरा दिवसांनी असे एक पान झाले, की तीन महिन्यांत डॉक्टरांसमोर ठेवायला सहा पाने होतील. खिडक्या मुलीला रंगवू द्या. आणि कोणती लाल, कोणती पिवळी, हे तिला सांगायचे काम एखाद्या रविवारी पतींकडे सोपवून पाहा. घोटे आणि पायाची बोटे मात्र त्या अठ्ठावीसमध्ये धरलेली नसतात आणि बूट-चप्पल घालून बसलेल्या रुग्णाचे पाय पाहायचे राहूनही जातात, म्हणून इमारतीखालचे पार्किंगही काढायला विसरू नका.